मुक्काम कुठे?

योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक वेळ नोंदवलेली आहे. दहावा तास. दिवस उजाडल्यापासून मोजायचं, म्हणजे दुपारचे चार वाजले असतील. यार्देन नदीपलीकडे बाप्तिस्मा देणारा योहान आपल्या दोन शिष्यांबरोबर उभा आहे. (हा योहान वेगळा, पुस्तक ज्याच्या नावावर आहे तो वेगळा.) समोरून एक माणूस चालत जातो. योहान त्याच्याकडे पाहतो आणि शिष्यांना सांगतो, हा पाहा देवाचा कोकरा. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, कोणाचा मुलगा तेही सांगत नाही. तरी ते दोघे आपल्या गुरूला तिथेच सोडून त्या अनोळखी माणसामागून चालू लागतात. तो मागे वळतो, त्यांना पाहतो आणि काय शोधताय म्हणून विचारतो. या पुस्तकात येशूच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. देवाचा पुत्र म्हणून ज्याची थोरवी आधीची सगळी पानं गातात, तो पहिल्यांदा तोंड उघडतो ते समोरच्याला काय हवं आहे हे विचारण्यासाठी.

त्या दोघांना नीट उत्तर देता येत नाही. मला त्यांचं न सुचणं फार जवळचं वाटतं. काय शोधतो आहोत हे कुणी असं भर रस्त्यात विचारलं तर कोण सांगू शकेल? ते उलट विचारतात, गुरुजी, तुमचा मुक्काम कुठे? वरवर पाहता हे उत्तर टाळणंच आहे. पण मला वाटतं, त्यांनी नेमकं तेच विचारलं जे विचारायला हवं होतं. माणूस कोण हे कळायचं तर तो राहतो तिथे जाऊन बसावं लागतं. येशूही पत्ता सांगत बसत नाही. चला, पाहालच, एवढं म्हणतो. ते जातात आणि तो दिवस त्याच्याबरोबर काढतात. घर कोणाचं होतं, आत काय बोलणं झालं, त्यांच्यापुढे कुणी काही खायला ठेवलं का, यातलं अक्षरही लिहिलेलं नाही. तास तेवढा लिहिलेला आहे. सांगणाऱ्याला शब्द सांगावेसे वाटले नाहीत, वेळ मात्र विसरता आली नाही. आयुष्य बदलून टाकणाऱ्या माणसाची पहिली भेट आपल्यालाही अशीच आठवते. बोलणं पुसट होत जातं आणि ऊन कुठवर आलं होतं ते पक्कं लक्षात राहतं.

याच नदीकाठी थोडं आधी आणखी एक चौकशी होऊन गेलेली असते. यरुशलेमेहून याजक आणि लेवी मुद्दाम योहानाकडे आलेले असतात. तू कोण, हा त्यांचा प्रश्न. तू ख्रिस्त आहेस का? नाही. एलीया आहेस का? नाही. तो संदेष्टा आहेस का? नाही. मग ते काकुळतीला येतात: आम्हाला ज्यांनी पाठवलं त्यांना काहीतरी उत्तर नेऊन द्यायला हवं, स्वतःबद्दल काय सांगतोस ते सांग. कोरा रकाना घेऊन परत जाता येत नाही म्हणून विचारलेला हा प्रश्न आहे. योहान म्हणतो, मी रानात ओरडणाऱ्याचा आवाज आहे. रकान्यात मावेल असं ते उत्तर नव्हतंच. आलेली माणसं त्याच्याजवळ मुक्कामाला राहिली असं कुठे लिहिलेलं नाही.

त्या दोघा शिष्यांपैकी एकाचं नाव पुढे कळतं, अंद्रिया. दुसऱ्याचं कळत नाही. अंद्रियाचं नाव सांगतानाही लेखक लगेच पुस्ती जोडतो, शिमोन पेत्राचा भाऊ. शिमोन अजून गोष्टीत आलेलाही नाही आणि तरी आधी आलेल्याची ओळख मागून येणाऱ्यावरून करून दिली जाते. माझ्या आजीला गावात सगळे मास्तरांची बायको म्हणून ओळखत. तिचं नाव काय, हे शेजारणीलासुद्धा आठवून सांगावं लागे. त्यामुळे अंद्रियापाशी मी नेहमी जरा थांबते. या पुस्तकात तो जेव्हा जेव्हा पुढे येतो तेव्हा कुणाला तरी घेऊन येतो. आधी भावाला. मग पाच भाकरी आणि दोन मासळ्या जवळ असलेल्या पोराकडे तोच बोट दाखवतो. पुढे काही ग्रीक माणसांना येशूला भेटायचं असतं, तेव्हा तो निरोप फिलिप्प नावाच्या शिष्याबरोबर तोच पोचवतो. स्वतःबद्दल तो काही बोलत नाही. पुस्तकही त्याच्याबद्दल फारसं बोलत नाही. पण तो नसता तर शिमोन त्या घरापर्यंत आलाच नसता.

आणि शिमोन? पुढे सगळ्यांच्या आधी बोलणारा, पाण्यावर पाऊल टाकणारा, तलवार उपसणारा हा माणूस पहिल्या भेटीत एक शब्दही बोलत नाही. येशू त्याच्याकडे नीट निरखून पाहतो. तू योहानाचा मुलगा शिमोन आहेस, असं त्याचं त्यालाच सांगतो आणि यापुढे तुला केफा म्हणतील, असं जोडतो. केफा म्हणजे खडक, म्हणजेच पेत्र. ज्या माणसाचे पाय पुढे एका दासीच्या प्रश्नाने लटपटणार आहेत, त्याला पहिल्याच नजरेत दिलेलं हे नाव. तो अजून नाही ते त्याला आधीच म्हटलं गेलं.

हीच पहिली भेट मार्क दुसऱ्याच जागी घडवतो, गालीलच्या सरोवराकाठी. जाळं पाण्यात, एक हाक आणि दोघे भाऊ जाळी टाकून निघालेसुद्धा. मार्काला घाई असते. लूकाच्या पुस्तकात रात्रभर मासा लागलेला नाही, सकाळी येशूच्या सांगण्यावरून टाकलेलं जाळं फाटायला येतं आणि शिमोन त्या माशांच्या ढिगात गुडघ्यांवर कोसळून म्हणतो की माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. एकाच माणसाची एकाच माणसाशी झालेली ओळख, तीन तऱ्हांनी सांगितलेली. त्यांचा मेळ घालणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे. मला मेळ घालावासा वाटत नाही. लूकाचा शिमोन आपली ओळख आपणच करून देतो आणि ती आपल्या दोषानेच देतो. योहानाचा शिमोन गप्प राहून ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. दोन्ही तऱ्हा मी माणसांत पाहिल्या आहेत, कधी कधी एकाच माणसात.

मग योहानाच्याच पुस्तकातला नथनेल. फिलिप्प त्याला शोधून काढतो आणि मोठ्या उमाळ्याने सांगतो की मोशेने ज्याच्याविषयी लिहिलं तो आम्हाला सापडला, योसेफाचा मुलगा येशू, नासरेथचा. फिलिप्पाने दिली ती जगाच्या रीतीची ओळख: बाप आणि गाव. नथनेल त्यातलं गाव तेवढं पकडतो. नासरेथमधून काही चांगलं निघेल का, असं विचारतो. जुन्या करारात नासरेथ हे नाव एकदाही येत नाही, इतकं ते नगण्य खेडं. पण मला खरी गंमत वाटते ती याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातल्या एका उल्लेखाची. नथनेल काना गावचा होता, असं तिथे सहज येऊन जातं. काना म्हणजे त्याच गालीलातलं गाव, नासरेथपासून फार लांब नव्हे. राजधानीतल्या बड्या माणसाने खेड्याला हिणवावं असं हे नाही. शेजारच्या गावाला पाण्यात पाहणारं हे हिणवणं आहे आणि ते फार खोलवरचं असतं. आपल्याकडे घर भाड्याने बघायला गेल्यावर आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावाने उलगडा झाला नाही की आवाज जरा खाली आणून विचारतात, म्हणजे तुम्ही कोणापैकी? मला हे विचारलं गेलं आहे आणि उत्तर दिल्यावर समोरच्या चेहऱ्यावर पडलेला सुटकेचा भाव मी पाहिला आहे. त्या भावाची मला आजही शरम वाटते, कारण दार माझ्यासाठी उघडलं ते मी कोण आहे हे कळल्यामुळे उघडलं नव्हतं.

फिलिप्प वाद घालत नाही. नासरेथची बाजू घेत नाही. येऊन बघ, म्हणतो. नथनेल येतो हे त्याचं मोठेपण. मनात अढी असूनही पाऊल उचलणारी माणसं थोडी. आणि येशू त्याला येताना पाहून त्याच्या गावाबद्दल, बापाबद्दल काही बोलत नाही. हा खरा इस्राएली, याच्यात कपट नाही, असं म्हणतो. तोंडावर शंका बोलून दाखवणाऱ्याची शंका त्याने निष्कपटपणाच्या खात्यात जमा केली. नथनेल चकित होऊन विचारतो, तुम्ही मला ओळखता कसे? फिलिप्पाने बोलावण्याआधी तू अंजिराच्या झाडाखाली होतास, तेव्हा मी तुला पाहिलं, असं उत्तर मिळतं. त्या झाडाखाली नथनेल काय करत होता? प्रार्थना, अभ्यास, रडणं, की नुसतं बसणं? शतकानुशतकं टीकाकारांनी तर्क लढवले आहेत. पुस्तक सांगत नाही आणि मला ते न सांगणं योग्य वाटतं. ते त्या दोघांमधलं आहे. पण कोणी पाहत नाही अशा वेळी आपल्याला कुणीतरी पाहिलं आणि तरीही आपल्याबद्दल चांगलं बोललं, या एका गोष्टीने नथनेलाचं सगळं उपहासाचं बळ गळून पडतं.

नासरेथचे लोक मात्र येशूला पुरते ओळखून होते. मार्क सांगतो की सभास्थानात त्याचं बोलणं ऐकून ते म्हणाले, हा तोच सुतार ना, मरीयेचा मुलगा? भावांची नावं त्यांना पाठ होती: याकोब, योसे, यहूदा, शिमोन. बहिणी तर इथेच आहेत, असंही म्हणाले. बहिणींची नावं नेहमीप्रमाणे राहून गेली. धंदा, आई, भावंडं, सगळा तपशील बिनचूक. त्या बिनचूक तपशिलाच्या भिंतीपलीकडे त्यांना काही दिसलं नाही.

मत्तय तर आपलं पुस्तकच वंशावळीने उघडतो. नवा करार हाती घेणारे कितीतरी वाचक ही पहिली सतरा वचनं ओलांडून पुढे जातात. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, तिथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, अशी बापांची सरळ माळ. पण त्या माळेत मध्येच बायका येतात. सासऱ्याने डावललेला हक्क मिळवण्यासाठी वेश्येच्या वेशात रस्त्याकडेला बसलेली तामार. यरीहोच्या तटाला लागून घर असलेली राहाब. मवाबातून आलेली परकी विधवा रूथ. चौथीचं नावच नाही. उरीयाची बायको, एवढंच. ती बथशेबा हे सगळ्यांना माहीत होतं. दाविदाने जिच्या नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारवलं, तिची ओळख मत्तय त्या मेलेल्या नवऱ्यानेच करून देतो, म्हणजे राजाचा गुन्हा राजाच्याच वंशावळीत बसलेला राहतो. आणि एवढ्या पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेला धागा योसेफापाशी आल्यावर वाकतो. योसेफाला येशू झाला, असं लिहिलेलं नाही. योसेफ मरीयेचा पती आणि मरीयेपासून येशू जन्मला, असं आहे. कुळाचा दाखला द्यायला बसलेल्या माणसाने शेवटच्या ओळीत दाखल्याचाच आधार काढून घेतला.

पण ओळखीची गोष्ट जिथे मला सगळ्यात खोल वाटते ती जागा शोमरोनात आहे, योहानाच्याच पुस्तकात. सूखार गावाजवळची याकोबाची विहीर. आज नाब्लूसमध्ये एका ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात ती दाखवतात. भर दुपार, सहावा तास. चालून थकलेला येशू विहिरीपाशी बसला आहे, शिष्य खायला आणायला गावात गेले आहेत. एक बाई घागर घेऊन येते. तो पाणी मागतो. ती पाणी देत नाही, जात दाखवते. तू यहूदी, मी शोमरोनी बाई, तू माझ्याकडे पाणी कसं मागतोस? लेखक समजावून सांगतो की यहूदी आणि शोमरोनी यांच्यात असा व्यवहार चालत नसे. पाणी, भांडं आणि विटाळ यांचं हे नातं मराठी वाचकाला समजावून द्यावं लागत नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी हजारो माणसांना जावं लागलं आणि त्यानंतर मार खावा लागला.

विहीर खोल आहे आणि तुझ्याजवळ पोहरा नाही, असं ती त्याला सांगते. कामाच्या बाईचं रोखठोक बोलणं. जिवंत पाणी कुठून आणणार, आमचा बाप याकोब याच्यापेक्षा तू मोठा का, हे तिचे प्रश्न. मग तिच्या पाच नवऱ्यांचा विषय निघतो आणि आता जो आहे तो नवरा नाही हेही. या ओळींवरून प्रवचनकारांनी तिला वाईट चालीची बाई ठरवून टाकलं आहे. मला हे कधीच पटलं नाही. त्या काळी काडीमोड प्रामुख्याने पुरुषाच्या हाती असे आणि नवरे मरतही असत. पाच वेळा घर मोडलेल्या बाईबद्दल आपल्या मनात पहिला विचार तिच्या चारित्र्याचा यावा, यात तिची नव्हे तर आपली ओळख पटते. येशू तिला दोष देत नाही. पाप हा शब्द त्या संवादात येत नाही. तू खरं बोललीस, असं तो म्हणतो. आणि ती शरमेने निघून न जाता सरळ धर्माचा सगळ्यात मोठा वाद काढते: उपासना गरिज्जीमच्या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? असा प्रश्न विचारणारी बाई स्वतःला काय समजत असेल ते मी अनेकदा मनात आणून पाहिलं आहे. शेवटी ती म्हणते, मसीहा येणार आहे, तो सगळं सांगेल. आणि तो म्हणतो, तुझ्याशी बोलतो आहे तो मीच.

मार्काच्या पुस्तकात भुतांनी त्याला ओळखलं तर तो त्यांना गप्प करतो. कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर, मी कोण या त्याच्या प्रश्नाला पेत्राने बरोबर उत्तर दिलं तर कुणाला सांगू नका म्हणतो. योहानाच्या पुस्तकात यरुशलेमेचे पुढारी नंतर त्याला घेरून विचारतात की ख्रिस्त असशील तर उघड सांग. त्यांना ते हवं तसं मिळत नाही. या बाईला न मागता मिळालं. तिचं नाव लिहिलेलं नाही. पूर्वेकडच्या चर्चने पुढे तिला फोटिनी म्हणायला सुरुवात केली. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि लोकांना म्हणते, चला, माझं सगळं आयुष्य मला सांगणारा माणूस बघा, हा ख्रिस्त असेल का? फिलिप्पाने नथनेलाला म्हटलं होतं तेच, फक्त पुढे प्रश्न ठेवून. गावकरी येतात, त्याला राहा म्हणतात, तो दोन दिवस राहतो. मग ते तिला सांगतात की आता तुझ्या सांगण्यावरून नव्हे, आम्ही स्वतः ऐकलं.

हाच अध्याय पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाचला. १८८३ सालची गोष्ट. पुराण सांगत आईबापांबरोबर देशभर फिरलेली, दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी. कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हणून गौरवलेली संस्कृतज्ञ. जातीबाहेर लग्न केलेली आणि दोन वर्षांत विधवा झालेली बाई. लूकाचं शुभवर्तमान तिच्या हाती सिल्चरला असतानाच बंगालीत आलं होतं. पण लंडनच्या फुलहॅममध्ये समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळणारं घर पाहिलं आणि त्यानंतर तिच्यासमोर शोमरोनी बाईची गोष्ट उघडली गेली. आपण ख्रिस्ताकडे कशा वळलो हे सांगताना रमाबाईंनी या गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला आहे. मला त्यात नवल वाटत नाही. धर्मशास्त्रात स्त्रीची ओळख काय लिहिली आहे ते त्यांनी मूळ संस्कृतात वाचलं होतं. इथे एका विधर्मी, बहुधा अनेकदा टाकलेल्या बाईशी कुणी भर दुपारी धर्माची चर्चा करत होतं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. त्यांच्याकडे आसरा घेतलेल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले, पानं छापली. १९२२ साली रमाबाई गेल्या, ग्रंथ पुरा छापून १९२४ साली बाहेर आला. त्यातला योहानाचा चौथा अध्याय एखाद्या बालविधवेने अक्षर अक्षर उचलून जुळवला असेल, हे मनात आलं की माझं वाचन तिथेच थांबतं.

पहिल्या भेटीत सगळं कळत नाही, हे मार्काला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. बेथसैदात एका आंधळ्याच्या डोळ्यांना येशू हात लावतो आणि काय दिसतं विचारतो. माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी, असं तो सांगतो. मग येशू पुन्हा हात लावतो. पेत्राने कैसरिया फिलिप्पीत त्याला ख्रिस्त म्हटलं ते लगेच याच्यानंतर, आणि तेही त्या झाडांसारखंच दिसणं होतं, कारण येशूने आपल्या मरणाचा विषय काढताच पेत्र त्याला बाजूला घेऊन समजावू लागला. बेथसैदा हे अंद्रिया आणि पेत्राचं गाव, असं योहान सांगतो.

आणि मग येशूला पकडलं ती रात्र. प्रमुख याजकाच्या वाड्यात चाकरांनी थंडीसाठी कोळशांचा विस्तव केला आहे, पेत्र शेकत उभा आहे. तूही त्याच्या शिष्यांपैकी ना? मी नाही. योहानाच्या याच पुस्तकात नदीकाठी बाप्तिस्मा देणाऱ्याने मी तो नाही असं म्हटलं होतं, तेव्हा त्या नकाराने तो आणखी उंच झाला होता. पेत्राच्या नकाराने तो खडक विरघळला. मत्तय सांगतो की तिथल्या लोकांनी त्याला बोलण्यावरून ओळखलं. गालीलची बोली त्याला लपवता येईना. जिभेवर गाव असतंच. शपथ घेऊन त्या माणसाला ओळखत नाही म्हणणाऱ्याची ओळख त्याच शपथेने पटत होती.

पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी पुन्हा कोळशांचा विस्तव आहे. त्यावर मासे आहेत, जवळ भाकर आहे, पहाट आहे. शिष्य नावेतून उतरतात आणि तू कोण, असं विचारायचं धाडस एकालाही होत नाही. त्यांना कळलेलं असतं. न्याहारी झाल्यावर येशू पेत्राकडे वळतो. पेत्र म्हणत नाही, केफा म्हणत नाही. योहानाच्या मुला शिमोना, असं म्हणतो, तीनदा. पहिल्या दिवशी अंद्रियाने आणलं तेव्हाचं नाव. माझ्यावर प्रेम आहे का, एवढंच विचारतो आणि मेंढरं त्याच्या हवाली करतो. या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात फिलिप्पाला माझ्यामागे ये म्हटलं होतं. पेत्राला तेव्हा नाव दिलं, पण असं बोलावलं नव्हतं. ते बोलावणं त्याला आता, सगळं घडून गेल्यावर, या शेवटच्या अध्यायात येतं. आणि तो लगेच निघतही नाही. मान वळवून मागून येणाऱ्या दुसऱ्या शिष्याकडे, ज्याचं नाव हे पुस्तक एकदाही सांगत नाही त्याच्याकडे, पाहतो आणि याचं काय होणार म्हणून विचारतो. येशू म्हणतो, तुला त्याचं काय करायचंय? तू माझ्यामागे ये.